इतिहासाचं पुस्तक पेन्सिल हातात घेऊन कसं वाचायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे, पण शनिवारी वाचनालयात दहा-बाराजण जमतात आणि आम्ही मिळून वाचतो. तिथे नवीन येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "बाई, खरा इतिहास कुठल्या पुस्तकात आहे?" काही आठवडे वाचून झालं की हाच माणूस दुसऱ्या टोकाला जातो. "म्हणजे सगळेच आपापल्या सोयीचं लिहितात तर!" ही दोन्ही टोकं मला मान्य नाहीत. लिहिणाऱ्याला मतं असतात, पक्ष असतो, जात असते, पगार देणारा कोणीतरी असतो. तरीही एका विधानामागे पुरावा असतो, दुसऱ्यामागे नसतो, आणि हा फरक साध्या वाचकालाही शोधता येतो. आम्ही तो कसा शोधतो ते इथे लिहिते आहे.

मुखपृष्ठ उलटल्यावर लगेच पहिल्या प्रकरणाकडे जाऊ नका. पुस्तक कोणत्या वर्षी निघालं, लेखक तेव्हा कुठल्या नोकरीत होता, प्रस्तावनेत त्याने कोणाचे आभार मानले आहेत, हे आधी वहीत उतरवून घ्या. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला. पेशवाई बुडून तेव्हा आठच वर्षं झाली होती, आणि डफ हा साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून कारभार पाहून गेलेला लष्करी अधिकारी होता. मराठी सत्तेच्या उदयाला त्याने सह्याद्रीच्या रानात वाळल्या गवताला लागलेल्या वणव्याची उपमा दिली. वणवा लागतो, कोणी लावायचं ठरवून लावत नाही. म्हणजे राज्य उभं राहिलं ते जणू अपघाताने. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली आपल्या पुस्तकात नेमकी हीच समजूत खोडून काढली. त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, निळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या पुण्यातल्या एका विद्यार्थ्याने डफच्या चुका दाखवणारा निबंध लिहिला होता. कॉलेजात शिकणारा मुलगा राज्यकर्त्यांच्या इतिहासकाराला कागदोपत्री उत्तर देतो, हे मला आजही मोठं वाटतं.

पण डफ कंपनीचा माणूस होता एवढ्यावर त्याचं पुस्तक बाजूला सारू नका. साताऱ्याच्या दरबारातले कागद त्याने पाहिले होते आणि घटनांचा क्रम लावायला त्याने मेहनत घेतली होती. लेखक कुठे उभा आहे हे कळल्यावर कुठल्या ओळीपाशी सावध व्हायचं ते कळतं. पहिल्या पानाचा उपयोग तेवढाच.

याचा सराव करायचा असेल तर शिवाजी महाराजांवरची चार लेखनं शेजारी ठेवा. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पवाडा लिहिला, त्यात महाराज कुळवाडीभूषण आहेत, कष्टकऱ्यांचे राजे. रानड्यांना त्यांच्यामागे संतांनी जागा केलेला समाज दिसतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांना संतांचं हे श्रेय मान्य नाही. ते रामदासांच्या महाराष्ट्रधर्माकडे बोट दाखवतात. बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी लिहिलेलं चरित्र १९१९चं, फारसी आणि इंग्रजी कागदांवर भर देणारं, त्यामुळे पुण्याच्या संशोधकांशी त्यांचे वर्षानुवर्षं खटके उडाले. या चौघांपैकी कोणीही लबाड नव्हता. प्रत्येकाला आपल्या काळातल्या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि तो प्रश्न घेऊन तो सतराव्या शतकाकडे गेला. चारही पुस्तकांतून एकच प्रसंग निवडा, उदाहरणार्थ १६७४चा राज्याभिषेक, आणि कोणी कशाला किती पानं दिली ते मोजा.

आता आतला मजकूर. आमच्या गटात प्रत्येकाकडे तीन रंगांच्या पेन्सिली असतात. घडलेली गोष्ट निळ्याने, तिचं कारण हिरव्याने आणि लेखकाचा निवाडा लाल रंगाने अधोरेखित करायचा. हे वाक्य बघा : "सावत्र आईच्या कारस्थानाला कंटाळून संभाजीराजे अविचाराने दिलेरखानाला जाऊन मिळाले." दिलेरखान या मोगल सरदाराकडे जाणं ही घटना आहे, ती डिसेंबर १६७८मध्ये घडली आणि तिला भरपूर आधार आहे. 'कारस्थानाला कंटाळून' हे कारण आहे, त्याला वेगळा पुरावा लागेल. 'अविचाराने' हा निवाडा झाला. वाक्य एकच असल्यामुळे घटनेचा खरेपणा कारणाला आणि निवाड्यालाही आपोआप चिकटतो, आणि वाचक तिन्ही गोष्टी एका घोटात गिळतो. एखाद्या पानावर निळं कमी आणि लाल जास्त दिसलं की पेन्सिल खाली ठेवून विचार करायचा.

यानंतरचं काम सगळ्यात वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एखादं विधान दहा पुस्तकांत सापडलं म्हणून त्याला दहा पुरावे आहेत असं धरू नका. ते विधान मागे मागे नेत जा. तळटीप कुठलं पुस्तक दाखवते? त्या पुस्तकाची तळटीप कुठे जाते? शेवटी कोणता कागद हाती लागतो, आणि तो घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला गेला?

संभाजीराजांचंच उदाहरण पुढे नेते, कारण आपल्याकडे याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. व्यसनी, क्रूर, राज्य घालवणारा राजा ही त्यांची प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या नाटकांतून आणि शाळेतल्या धड्यांतून चालत आली. हा माग काढत गेलं की बऱ्याच वाटा मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपाशी येऊन थांबतात. ही बखर साताऱ्याच्या दरबारी १८१०च्या सुमारास लिहिली गेली. संभाजीराजांचा वध झाला ११ मार्च १६८९ रोजी. म्हणजे मध्ये सुमारे सव्वाशे वर्षं गेली, चार-पाच पिढ्या. आणि मल्हार रामराव कोणाचे वंशज? बाळाजी आवजी चिटणीसांचे, ज्यांना १६८१ साली कटाच्या आरोपावरून संभाजीराजांनी हत्तीच्या पायी दिलं होतं. पुढे डफने या बखरीचा आधार घेतला, डफवरून इंग्रजी पाठ्यपुस्तकं झाली, त्यांवरून मराठी पाठ्यपुस्तकं. दहा पुस्तकं, पण बोलणारा आवाज मुख्यतः एकच.

यावरून बखर खोटी ठरत नाही, ती संशयित ठरते. बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ बापाच्या वधानंतरही छत्रपतींच्या चाकरीत निष्ठेने राहिला, त्यामुळे घराण्यात नुसता रागच असेल असंही धरता येत नाही. घराण्याचं दुखणं आणि सव्वाशे वर्षांचं अंतर या दोन गोष्टी एकत्र आल्या की दुसरा, जवळचा पुरावा मागायचा, एवढंच. वा. सी. बेंद्र्यांनी तो शोधण्यात आयुष्यातली कित्येक वर्षं घातली आणि १९६० साली त्यांचं संभाजीचरित्र आलं. त्यांच्यामागून डॉ. कमल गोखल्यांनी काम केलं. समकालीन कागदांतून दिसला तो औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरल्यावर वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजणारा, संस्कृत जाणणारा, कारभारात लक्ष घालणारा राजा.

इथे आमच्या गटात टाळ्या पडतात आणि मी म्हणते, थांबा. आता ही नवी प्रतिमाही त्याच कसोटीला लावा. संभाजीराजे सुमारे वर्षभर मोगलांच्या छावणीत होते. एप्रिल १६७९मध्ये दिलेरखानाने भूपाळगड घेतला तेव्हाही ते तिथेच होते. हे नको असलेलं पान हल्लीच्या कितीतरी पुस्तकांत दोन ओळींत उरकलं जातं किंवा 'हा बापलेकांनी ठरवून केलेला डाव होता' असं सांगून गोड केलं जातं. डाव होता म्हणणाऱ्याला विचारा, कागद कोणता? १६८०च्या संस्कृत दानपत्रात संभाजीराजांनी घरातल्या कलहाबद्दल आपली बाजू मांडली आहे. तो कागद अस्सल आहे, समकालीन आहे, आणि तरीही तो एका पक्षकाराचा जबाब आहे. चिटणीसांच्या बखरीला लावलेली कसोटी दानपत्राला लावली नाही, तर आपण बेंद्र्यांकडून काहीच शिकलो नाही.

कागद कोणी लिहिला आणि त्यात त्याचा फायदा काय, हा प्रश्न नेहमी विचारायचा. पण त्याचं उत्तर एका कागदातही ओळीगणिक बदलतं. खाफीखान मोगलांच्या बाजूचा, शिवाजी महाराजांना शिव्या घालणारा लेखक. तोच लिहितो की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. हे लिहून खाफीखानाला काही मिळणार नव्हतं, म्हणून त्याच्या या ओळीचं वजन एखाद्या भाटाच्या शंभर ओळींपेक्षा जास्त. आता मावळातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांचे कागद घ्या. त्यांच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या हकिकतीत, घराण्याने केलेल्या सेवेचं वर्णन आहे, आणि अशा लेखनाच्या मागे वतन आणि मानपान असतं. तिथे जपून वाचायचं. त्याच घराण्याच्या शकावलीत, म्हणजे सालवार नोंदींच्या यादीत, महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा नोंदलेला आहे. जन्मतिथी अमुक धरल्याने जेध्यांच्या वतनात एक बिघाही वाढणार नव्हता.

जन्मतिथीचा हा वाद मुद्दाम अभ्यासावा असा आहे. बखरींवरून वैशाख शुद्ध २, शके १५४९ ही तिथी, म्हणजे १६२७, सर्वत्र मानली जात होती. टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली छापली आणि प्रश्न उभा राहिला. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ हीच तिथी मिळाली, आणि राजस्थानातून मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. मावळातल्या देशमुखाची शकावली, दरबारी कवीचं संस्कृत काव्य आणि दूरच्या प्रांतातली कुंडली, यांनी एकमेकांची नक्कल केली असेल असं दिसत नाही. स्वतंत्र साक्षी म्हणतात त्या याच. १९६६ साली राज्य सरकारने समिती नेमली तरी अभ्यासकांचं लगेच एकमत झालं नाही. शेवटी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने स्वीकारली.

इथेच हिशेबाची एक गोष्ट सांगून टाकते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९ होतात. वर्ष चैत्रात सुरू होतं आणि फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. शिवाय १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन गणनेची तारीख आहे; आजच्या गणनेने तो दिवस १ मार्च येतो. पेशवेकालीन पत्रांत शुहूर सन ही वेगळी कालगणना असते, त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. एका वर्षाच्या चुकीने पत्र लढाईच्या आधीचं की नंतरचं हे बदलतं, आणि मग कोणाला दोषी धरायचं तेही बदलतं.

कोणती आवृत्ती हातात आहे तेही बघा. १८५७चं मराठीतलं सगळ्यात जिवंत वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडशांचं. यज्ञाच्या दक्षिणेसाठी उत्तरेत गेलेला हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. त्याने आठवणी लिहिल्या त्या पंचवीस वर्षांनंतर. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली त्या छापल्या, पण इंग्रजांचं राज्य होतं आणि मजकुरात फेरफार करून छापल्या. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. गोडसे भटजी काय म्हणतात असं कोणी सांगू लागलं की मी विचारते, कुठल्या आवृत्तीतले?

सरकारी इतिहासाबद्दल थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहायचं काम हाती घेतलं, त्यात रमेशचंद्र मजुमदार प्रमुख होते. मतभेद झाले, संपादक मंडळ १९५५च्या अखेरीस बरखास्त झालं, काम ताराचंदांकडे गेलं आणि मजुमदारांनी आपला तीन खंडांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिला. एवढी गोष्ट ऐकली की सरकारी ते पक्षपाती आणि खाजगी ते निःपक्षपाती असं वाटू लागतं. पण हिंदू आणि मुसलमान हे इतिहासभर दोन वेगळेच समाज राहिले हा मजुमदारांचा ठाम विचार होता आणि तो त्यांच्या पानापानांत उतरला आहे. उलट १८५७च्या शताब्दीला सुरेंद्रनाथ सेनांनी जे पुस्तक लिहिलं ते सरकारने सांगून लिहिलेलं. तरी उठावामागे आधीपासून आखलेला देशव्यापी कट होता ही लोकप्रिय कल्पना त्यांनी पुराव्याअभावी नाकारली. पैसा कोणाचा ते वहीत लिहा, निकाल मात्र पुरावा बघून द्या.

पाठ्यपुस्तकांची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते, कारण तिथे खोटं लिहिलेलं क्वचितच सापडतं, गाळलेलं पुष्कळ सापडतं. एनसीईआरटीची इतिहासाची पुस्तकं २००२च्या सुमारास बदलली, सत्ताबदलानंतर २००५-०६पासून पुन्हा बदलली, २०२३मध्ये बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबारांवरचं प्रकरण निघालं. आपल्या राज्य मंडळानेही २०१७मध्ये सातवीच्या पुस्तकात महाराष्ट्र मध्यभागी आणला आणि मोगल आक्रसले. जुनं आणि नवं पुस्तक मिळवून दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवा. कोणता काळ किती पानांचा होता आणि आता किती उरला? स्त्रिया, शेतकरी, दलित, आदिवासी कोणत्या पानावर येतात आणि कोणत्या पानावरून जातात? भिल्ल, रामोशी, कोळी यांचे उठाव एका परिच्छेदात बसवले आहेत का? ही मोजणी करायला इतिहासाची पदवी लागत नाही. आमच्या गटात ती निवृत्त पोस्टमन आणि किराणा दुकान चालवणाऱ्या काकूंनी केली.

मन दुखावणारं वाचायला मिळालं की काय करायचं? हे मी तळमळीने सांगते. जानेवारी २००४मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरून हल्ला झाला. मोडतोड झाली, ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पुस्तकाला उत्तर द्यायचं होतं त्याचं उत्तर त्याच कपाटांतून मिळालं असतं. शिवाजी महाराज माझं दैवत आहेत आणि हे मी वर्गात कधी लपवलं नाही. म्हणूनच त्यांच्याबद्दल गैर लिहिणाऱ्याला मी कागदाने उत्तर देते, आणि त्यांची खोटी स्तुती करणाऱ्यालाही कागदच मागते. गटात आम्ही एक नियम पाळतो : ज्याला जी बाजू आवडते, त्याने त्या आठवड्यात विरुद्ध बाजूचा पुरावा गोळा करून मांडायचा. पेशव्यांचा अभिमान असणाऱ्याने त्यांच्या कारभारावरची टीका मांडायची, पेशव्यांवर राग असणाऱ्याने पानिपताच्या वेळची पत्रं वाचून दाखवायची. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या १८९८च्या पहिल्या खंडात ती आहेत. पहिल्या बैठकीला आवाज चढतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून माणसं पुढ्यातला कागद नीट वाचायला लागतात.

शेवटी, तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर. गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहायची इच्छा अनेकांना असते आणि ती फार चांगली आहे, कारण राष्ट्राचा इतिहास अखेर अशाच कागदांवर उभा राहतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. ते ज्या लिपीत आहेत ती मोडी येत नसेल तर आधी शिका, वर्ग चालतात. घरात महजर (तंट्याचा निवाडापत्र) किंवा करीना सापडला तर तो कोणत्या तंट्यात, कोणाविरुद्ध, कोणापुढे लिहिला गेला ते आधी शोधा. समोरच्या घराण्याचा कागदही मागा, भाऊबंदकी असली तरी जाऊन मागा. लिहिताना 'आहे', 'असावं' आणि 'घराण्यात असं सांगतात' ही तीन वाक्यं वेगळी ठेवा. आपल्या पूर्वजाला गैरसोयीचा कागद मिळाला तर तो परिशिष्टात न ढकलता जिथे त्याची जागा आहे त्याच प्रकरणात छापा. फोटो काढताना पूर्ण पान घ्या, शिक्का आणि पाठीमागचा मजकूर सोडू नका. अस्सल कागद कोणाच्या घरी किंवा कोणत्या रुमालात आहे ते प्रत्येक उताऱ्याखाली लिहा. आणि पुस्तक छापून झाल्यावर सगळ्या फोटोंची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा, म्हणजे तुमचं म्हणणं न पटणाऱ्याला तिथे बसून ते तपासता येईल.